‘त्रस्त’चा विरुद्धार्थी शब्द: एका गुणाच्या प्रश्नाचे प्रकरण

प्रश्न एका गुणाचा आहे. ‘अधोरेखित शब्दाऐवजी विरुद्धार्थी शब्द वापरून वाक्य पुन्हा लिहा’ अशी सूचना आणि खाली वाक्य: ‘सततच्या फोनने त्रस्त झालेल्या माणसाने शेवटी नंबर बदलला.’ अधोरेखित शब्द ‘त्रस्त’. उत्तरसूचीत एकच उत्तर छापले आहे: ‘सुखी’.

वह्यांमध्ये मात्र सात उत्तरे आहेत. सुखी, निश्चिंत, निवांत, मुक्त, अत्रस्त, बेफिकीर आणि निरुपद्रवी. सूचीला धरून तपासले तर पहिल्या उत्तराला गुण आणि बाकी सहांना शून्य. पण सूचीला धरूनच वाक्य लिहून पाहावे: ‘सततच्या फोनने सुखी झालेल्या माणसाने शेवटी नंबर बदलला.’ मराठी कानाला हे वाक्य पहिल्या झटक्यात खटकते. गुण मिळवून देणारे उत्तर वाक्य मोडते आणि शून्य मिळवणाऱ्या उत्तरांतली निदान तीन त्याच्यापेक्षा अर्थाच्या जवळ आहेत. असे का झाले, कोणते उत्तर कुठवर बरोबर आहे आणि प्रश्न कसा विचारायला हवा होता, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

आधी ‘त्रस्त’ उलगडू

विरुद्धार्थी शब्द शोधण्याआधी मूळ शब्दात काय काय भरले आहे ते बाहेर काढून ठेवावे लागते. नेमकी हीच पायरी बहुतेक वेळा गाळली जाते.

‘त्रस्त’ आणि ‘त्रास’ दोन्ही ‘त्रस्’ या संस्कृत धातूपासून आले. या धातूचा अर्थ थरथरणे, भिणे. संस्कृतात ‘त्रास’ म्हणजे भय आणि ‘त्रस्त’ म्हणजे घाबरलेला. मराठीत येताना हा शब्द सरकला. ‘पाठीचा त्रास आहे’, ‘शेजाऱ्यांचा त्रास होतो’, ‘एवढा त्रास कशाला घेतलात?’ या तिन्ही वाक्यांत भीती कुठेच नाही. पहिल्यात दुखणे आहे, दुसऱ्यात उपद्रव आहे, तिसऱ्यात तर चक्क कष्ट आहेत. म्हणून संस्कृतातला विरुद्धार्थी शब्द उचलून मराठी ‘त्रस्त’समोर ठेवला की तो बसत नाही. संस्कृत ‘त्रस्त’समोर ‘निर्भय’ शोभतो. मराठी ‘त्रस्त’समोर तो परका वाटतो, कारण फोनने त्रस्त झालेला माणूस फोनला भीत नसतो.

मराठी ‘त्रस्त’मध्ये तीन धागे आहेत. पहिला कारणाचा: त्रस्त माणूस कशाने तरी त्रस्त असतो, म्हणून ‘फोनने’, ‘डासांनी’, ‘आवाजामुळे’ हे पद उघड किंवा लपलेले असतेच. दुसरा काळाचा: एका घटनेने कोणी त्रस्त होत नाही. ‘एकदा ठेच लागली आणि तो त्रस्त झाला’ असे आपण म्हणत नाही. एका आघाताने माणूस जखमी होतो, हादरतो, घायाळ होतो. त्रस्त व्हायला पुन्हा पुन्हा घडणे किंवा न थांबणे लागते. दिलेल्या वाक्यात ‘सततच्या’ हा शब्द उगाच आलेला नाही. तिसरा धागा मनाचा: सोसण्याची शक्ती संपत आलेली असते.

तीन धागे, म्हणून उलटवण्याच्याही तीन जागा. कारण उलटवले तर ‘मुक्त’, ‘सुटलेला’. काळ उलटवला तर मराठीचा फार सुंदर शब्द हाती येतो, ‘उसंत’. पण तो नाम आहे, विशेषण नाही, त्यामुळे ‘त्रस्त’च्या जागी तसाच बसत नाही. मन उलटवले तर ‘निवांत’, ‘निश्चिंत’, ‘शांत’. ज्या मुलाने ‘मुक्त’ लिहिले आणि ज्याने ‘निवांत’ लिहिले, त्या दोघांनी वेगवेगळे धागे धरले. चुकले कोणीच नाही. सूची मात्र एकाही धाग्याला हात लावत नाही.

सात उत्तरे

‘सुखी’पासून सुरुवात करू, कारण ते छापलेले उत्तर आहे. विरुद्धार्थी जोडी दोन्ही बाजूंनी लागली पाहिजे. ‘जड’ म्हटले की ‘हलका’ आणि ‘हलका’ म्हटले की ‘जड’. इथे जोडी उलटून पाहिली तर ‘सुखी’समोर ‘दुःखी’ येतो, ‘त्रस्त’ येत नाही. दुसरी कसोटी याहून कडक आहे: दोन्ही शब्द एकाच माणसाला, एकाच वेळी, ‘पण’ घालून लावून पाहावेत. ‘नातवंडांच्या दंग्याने आजी त्रस्त आहेत, पण सुखी आहेत.’ वाक्य अगदी सहज उभे राहते. घराघरांत खरे असते. जे दोन शब्द एकाच क्षणी एकत्र खरे ठरू शकतात ते विरुद्धार्थी नाहीत. ‘दार उघडे आहे, पण बंद आहे’ असे वाक्य उभे राहत नाही, म्हणून उघडे आणि बंद ही जोडी पक्की. ‘त्रास गेला की सुख’ हे समीकरण सूची करणाऱ्याच्या मनात असावे. त्रास गेल्यावर पहिल्यांदा येते ती स्वस्थता. सुख ही त्यापुढची आणि वेगळीच गोष्ट आहे.

‘निश्चिंत’ अर्धे बरोबर आहे. चिंता पुढे होणाऱ्या गोष्टीची असते, त्रास आत्ता चाललेल्या गोष्टीचा असतो. ‘उद्याच्या निकालाची चिंता’ म्हणतो, ‘उद्याच्या निकालाचा त्रास’ म्हणत नाही. ‘पण’ची कसोटी लावली तर ‘डासांनी त्रस्त आहे, पण बाकी निश्चिंत आहे’ हे वाक्य चालून जाते. ‘निश्चिंत’ची पक्की जोडी ‘चिंताग्रस्त’ किंवा ‘चिंतातुर’ शी. तरीही त्रास संपलेल्या माणसाचे वर्णन करायला हा शब्द मराठीत सर्रास वापरतात, त्यामुळे तो सरसकट खोडणे अन्यायाचे होईल. ‘बिनघोर’ आणि ‘निर्धास्त’ हे त्याचे सख्खे भाऊ. ‘जिवाला घोर लागणे’मधला घोर गेला की बिनघोर, धास्ती गेली की निर्धास्त. दोन्ही शब्द पुढच्या भीतीकडे पाठ करून उभे आहेत.

‘निवांत’ आमच्या मते सातांतले सर्वांत जवळचे उत्तर आहे. या शब्दाचे नाते संस्कृत ‘निवात’शी जोडले जाते, निवात म्हणजे जिथे वारा लागत नाही अशी जागा. न थांबणारा मारा थांबल्याचे चित्र त्यात आहे, आणि ‘त्रस्त’मधल्या काळाच्या व मनाच्या दोन्ही धाग्यांना ते एकदम उत्तर देते. उणीव एवढीच की ‘निवांत’ हा शब्द वेळेला आणि जागेलाही लागतो (‘निवांत दुपार’, ‘निवांत कोपरा’), तर ‘त्रस्त दुपार’ कोणी म्हणत नाही. म्हणून उलट दिशेने विचारले की ‘निवांत’समोर ‘धावपळीचा’ किंवा ‘गडबडीचा’ही येतो. माणसाच्या मनःस्थितीपुरती मात्र जोडी जमते. ‘तो त्रस्त आहे, पण निवांत आहे’ हे वाक्य कानाला लगेच अडते.

‘मुक्त’ हे उत्तर मागे विभक्तीची मागणी घेऊन येते. ‘त्रस्त’ला ‘-ने’ किंवा ‘-मुळे’ चालतो. ‘मुक्त’ला ‘-पासून’ किंवा ‘-तून’ लागतो. नुसता शब्द बदलून ‘फोनने मुक्त झालेल्या’ लिहिले तर जणू फोननेच त्याला सोडवले असा अर्थ होतो. प्रत्यय बदलून ‘सततच्या फोनपासून मुक्त झालेल्या माणसाने’ लिहिले तर भाषा शुद्ध होते, पण मग ‘शेवटी नंबर बदलला’ हे उगीच राहते. मुक्त झाला असेल तर नंबर कशाला बदलायचा? आणखी एक बाब: मागे कारण नसेल तर ‘मुक्त’ दुसऱ्याच जोडीत जातो, ‘बद्ध × मुक्त’. म्हणून त्रासापासूनची मुक्ती सांगायची असेल तर कारणाचे पद सोबत ठेवावेच लागते.

‘अत्रस्त’ लिहिणाऱ्या मुलाकडे जरा थांबून पाहायला हवे. व्याकरणाच्या दृष्टीने त्याने काहीही चूक केलेली नाही: बाधित × अबाधित, रक्षित × अरक्षित, तसे त्रस्त × अत्रस्त. एवढेच नव्हे, हा शब्द संस्कृतात खरोखर आहे आणि कालिदासाने तो ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात राजा दिलीपाच्या वर्णनात वापरला आहे. दिलीप स्वतःचे रक्षण करी ते ‘अत्रस्त’ राहून, म्हणजे भीतीपोटी नव्हे. पण पुन्हा तेच: तिथे अर्थ ‘न भ्यालेला’ असा आहे, ‘त्रास नसलेला’ असा नाही, आणि मराठीत हा शब्द रुळलेला नाही. (त्याच श्लोकात ‘अनातुर’ही आहे. संस्कृतात ‘आतुर’ म्हणजे आजारी, पिडलेला; मराठीत ‘आतुर’ म्हणजे उत्सुक. तिथली जोडी मराठीत आणताच कशी निकामी होते याचा हा आणखी एक पुरावा.) ‘अ-’ लावून शब्द तयार करता येणे वेगळे आणि तो भाषेत असणे वेगळे, हे मुलाला सांगावे; पण त्याची रीत चुकीची होती असे सांगू नये.

‘बेफिकीर’ हे उत्तर शब्दाच्या जुन्या अर्थाने फसले आहे. बे आणि फिकीर, म्हणजे काळजी नसलेला, इथवर ठीक. पण मराठीत ‘बेफिकीर’ला आता दोषाची छटा चिकटली आहे: ज्याला काळजी असायला हवी पण नाही असा. ‘बेफिकीर वाहनचालक’ हे कौतुक नव्हे. त्रास नसणे ही अवस्था आहे, बेफिकिरी हा स्वभाव आहे. याच जातीचा ‘बिनधास्त’. तोही धास्ती नसण्यापासून निघाला आणि धिटाईच्या, कधी उद्धटपणाच्या अर्थाला पोहोचला. ‘निर्धास्त’ आणि ‘बिनधास्त’ यांचे घटक जवळपास सारखे, पण ‘निर्धास्त झोपला’ आणि ‘बिनधास्त बोलला’ यांची जागा एकमेकांना देता येत नाही.

‘निरुपद्रवी’ ही चूक सर्वांत शिकवण्यासारखी आहे, कारण तिथे दिशा उलटली आहे. उपद्रव देतो तो उपद्रवी. उपद्रव देत नाही तो निरुपद्रवी. ज्याला उपद्रव होत नाही तो मात्र ‘निरुपद्रव’, शेवटच्या ईकाराविना. डास उपद्रवी आहे, गांडूळ निरुपद्रवी आहे. त्रस्त माणूस या रांगेत कुठेच नाही, तो उपद्रव सोसणाऱ्या बाजूला आहे. एका ईकाराने सोसणारा देणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसला.

दिशेची चूक मोठ्या माणसांचीही

ही दिशेची गफलत केवळ मुलांच्या वह्यांत नसते, शब्दांच्या याद्यांतही आढळते. ‘पीडित × पीडक’, ‘शोषित × शोषक’ अशा जोड्या विरुद्धार्थी म्हणून दिल्या जातात. एका अर्थाने त्या समोरासमोर आहेत, पण ते नाते ‘गुरू-शिष्य’ किंवा ‘धनको-ऋणको’ यांच्यासारखे आहे: एक असेल तर दुसरा असतोच. पीडित नसण्याची अवस्था त्यातून कळत नाही. पीडक हा पीडितापासून वेगळा आहे, पण तो पीडामुक्त असेल असेही नाही.

ही गुंतागुंत सोडवायला चार कोपऱ्यांची चौकट काढावी. एका बाजूला ‘पीडक’ आणि त्याच्याखाली ‘पीडित’. दुसऱ्या बाजूला ‘रक्षक’ आणि त्याच्याखाली ‘रक्षित’. उभ्या रेषेत करणारा व सोसणारा, आडव्या रेषेत विरुद्धार्थ. विरुद्धार्थी शब्द आडवा शोधायचा. ‘आक्रमक’च्या खाली ‘आक्रांत’ येतो, दोन्ही ‘आ’ उपसर्ग लागलेल्या ‘क्रम्’ धातूचे, म्हणजे पाऊल टाकून वर चढून येण्याचे. एक चढून येणारा, दुसरा ज्याच्यावर चढून आले तो. ‘आक्रांत’च्या आडव्या रेषेत ‘सुरक्षित’ किंवा ‘निष्कंटक’. ‘निष्कंटक राज्य’ यातला कंटक म्हणजे काटा, आणि काट्यासारखे सलणारे शत्रू. ते उरले नाहीत असे राज्य.

याच ठिकाणी ‘-य’ आणि ‘-त’ या शेवटांकडेही पाहावे. ‘अजेय’ म्हणजे ज्याला जिंकता येणार नाही असा, ‘अजित’ म्हणजे ज्याला अजून कोणी जिंकलेले नाही असा. किल्ला ‘अभेद्य’ असणे ही त्याची ताकद आहे. त्यावर हल्ला न झालेला असणे ही निराळी गोष्ट. हल्ला झालेल्या ठिकाणाचे विरुद्धार्थी म्हणून ‘अभेद्य’ लिहिले जाते ते यामुळेच चुकते. अभेद्य किल्ल्यावरही हल्ला होतो. ‘अक्षत’, म्हणजे इजा न झालेला, हा तिथला योग्य शब्द.

शेजारच्या शब्दांची वेगवेगळी चित्रे

त्रस्त, ग्रस्त, पीडित, बेजार, हैराण, गांजलेला हे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत शिकवले जातात, आणि मग त्यांचा विरुद्धार्थी शब्दही एकच असावा असे वाटू लागते. पण प्रत्येकाच्या पोटात निराळे चित्र आहे. ‘पीडित’ हा ‘पीड्’चा, म्हणजे दाबणे, पिळणे, त्याच्यापुढे भार उतरल्याचे शब्द येतात, ‘मोकळा’, ‘हलका’. ‘हैराण’ अरबीतून फारसीमार्गे आला. तिकडे त्याचा अर्थ चक्रावलेला, मराठीत दमून टेकीला आलेला, म्हणून त्याच्यापुढे ‘ताजातवाना’ही चालतो. ‘बेजार’मधला ‘बे’ काढून टाकला तर मराठीत विरुद्ध अर्थाचा ‘जार’ उरत नाही. उपसर्ग काढून विरुद्धार्थ मिळवण्याची युक्ती इथे चालत नाही.

‘ग्रस्त’ सर्वांत स्पष्ट आहे. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे, ‘ग्रास’ म्हणजे घास. ग्रहणातले चंद्रबिंब ग्रस्त असते, आणि चंद्र त्या अवस्थेतच उगवला तर पंचांगात ‘ग्रस्तोदय’ लिहितात. ग्रहणाचे टप्पे स्पर्श, मध्य आणि मोक्ष. गिळलेले सुटते तो मोक्ष. म्हणजे ‘ग्रस्त’समोर ‘मुक्त’ उभा करण्याची सोय पंचांगानेच करून ठेवली आहे. ‘मोक्ष’ आणि ‘मुक्त’ दोन्ही एकाच ‘मुच्’ धातूचे. म्हणून मराठीत ‘-ग्रस्त × -मुक्त’ हा साचा सुबक चालतो: रोगग्रस्त × रोगमुक्त, भयग्रस्त × भयमुक्त, तणावग्रस्त × तणावमुक्त.

पण साचा आंधळेपणाने फिरवू नये. ‘अपघातग्रस्त वाहन’ याचा विरुद्धार्थ ‘अपघातमुक्त वाहन’ असा होत नाही. ‘अपघातमुक्त’ रस्ता असतो, वाहन ‘सुस्थितीतले’ असते आणि माणूस ‘सुखरूप’ असतो. ‘पूरग्रस्त’ गावासमोर ‘पूरमुक्त’ म्हटले तर तिथे पुन्हा पूर येणारच नाही असा दावा होतो. म्हणायचे असते ‘पुरापासून बचावलेले’. ‘प्रकल्पग्रस्त’ला तर साच्यातला विरुद्धार्थी शब्दच नाही. धरणाच्या कामकाजात त्याच्या समोरची बाजू ‘लाभक्षेत्रातला’ शेतकरी ही असते. ग्रस्त आणि लाभधारक ही जोडी कोणत्याही विरुद्धार्थी यादीत सापडणार नाही, पण व्यवहारात समोरासमोर तीच बसते.

‘बाधित’ची गंमत याहून वेगळी. ‘अबाधित’ हा शब्द तयार आहे, पण तो हक्काला, परंपरेला, अधिकाराला लागतो: ‘हक्क अबाधित राहील’. २०२० मध्ये ‘बाधित’ हा शब्द संसर्ग झालेल्या माणसासाठी रोजच्या वापरात आला, तेव्हा त्याच्यासमोर ‘अबाधित’ कोणी ठेवला नाही. तिथे दोन वेगळे शब्द लागले: ज्याला संसर्ग झालाच नाही तो आणि ज्याला होऊन गेला तो. दुसऱ्याला ‘बरा झालेला’, ‘कोरोनामुक्त’ म्हटले. पहिल्याला साधा एक शब्द मिळालाच नाही. त्रासाच्या सगळ्याच शब्दांत हा प्रश्न दडलेला असतो. त्रास न झालेला आणि त्रासातून सुटलेला ही दोन माणसे वेगळी. ‘सुखरूप’, ‘सहीसलामत’, ‘सुटलेला’ या शब्दांत मागचा धोका ऐकू येतो. ‘निवांत’मध्ये ऐकू येत नाही. ‘आश्वस्त’मध्ये तर तो स्वच्छ ऐकू येतो. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. आश्वस्त म्हणजे ज्याने पुन्हा मोकळा श्वास घेतला. मात्र मराठीत आश्वस्त व्हायला कोणीतरी धीर देणारा लागतो, ‘आश्वासन’ त्याच कुळातले.

हल्ल्याच्या शब्दांबाबत थोडक्यात: ‘हल्ला × बचाव’ ही जोडी बिनधोक आहे. ‘चढाई’समोर ‘उतराई’ लिहू नये. ‘चढ × उतार’ बरोबर असले तरी ‘उतराई होणे’ म्हणजे उपकार फेडणे. चढाईसमोर युद्धात ‘माघार’ येते, कबड्डीत ‘पकड’. ‘वेढा घालणे’समोर ‘वेढा उठवणे’.

आणि एक शब्द खास टाळावा: ‘त्राण’. ‘त्रस्त’शी तो जवळचा दिसतो पण धातू वेगळा, ‘त्रै’, म्हणजे रक्षण करणे, ‘त्राता’ त्यातूनच. संस्कृतात त्राण म्हणजे संरक्षण, आणि तो अर्थ ‘शिरस्त्राण’मध्ये जपलेला आहे. पण मराठीत ‘अंगात त्राण उरले नाही’ म्हणताना त्राण म्हणजे जोर. विरुद्धार्थ म्हणून त्याचा उपयोग होत नाही.

दोष प्रश्नातच

आता मूळ वाक्याकडे. ‘सततच्या फोनने’ हे कारण, ‘त्रस्त’ ही अवस्था, ‘शेवटी नंबर बदलला’ हा परिणाम. ज्या शब्दाला मागून कारणाने आणि पुढून परिणामाने बांधले आहे, तो एकटा उलटवता येत नाही. सातपैकी कुठलाही शब्द घाला, वाक्य मोडते. अर्थ खरोखर उलटवायचा तर वाक्य असे करावे लागेल: ‘फोन बंद झाल्याने निवांत झालेल्या माणसाने नंबर बदलण्याचा विचार सोडून दिला.’ चार जागी बदल झाला. एका गुणाच्या प्रश्नात हे मागितले नव्हते.

मराठी बोलणारा माणूस अशा वेळी विशेषण शोधतच नाही, वाक्प्रचार फिरवतो. ‘पिच्छा पुरवणे’समोर ‘पिच्छा सोडणे’, ‘पाठीस लागणे’समोर ‘पाठ सोडणे’, ‘जीव टांगणीला लागणे’समोर ‘जीव भांड्यात पडणे’. क्रियापदांतही ‘न छळणे’ असे कोणी म्हणत नाही. छळणे, गांजणे, भंडावणे यांच्यासमोर जपणे, सांभाळणे, धीर देणे, सोडवणे येतात. हे शब्द शिकवले तर मुलांची भाषा वाढते. ‘त्रस्त × सुखी’ पाठ करून एक गुण वाढतो.

दुरुस्त प्रश्न असा करावा: ‘परीक्षा संपेपर्यंत ती अभ्यासाच्या ताणाने त्रस्त होती; आता ती … आहे.’ कारण पहिल्या वाक्यात राहते, रिकामी जागा दुसऱ्यात येते, आणि विभक्तीची अडचण उरत नाही. ग्राह्य उत्तरे: निवांत, निश्चिंत, तणावमुक्त, शांत. ‘मोकळी’ही घ्यावे. ‘स्वस्थ’ घ्यायला हरकत नाही, पण मराठीत ‘स्वस्थ बसणे’ म्हणजे काही न करणे असाही अर्थ होतो, म्हणून ते पहिले उत्तर म्हणून छापू नये. अग्राह्य: बेफिकीर, निरुपद्रवी, अजेय. जोड्या लावायच्या असतील तर ‘त्रस्त’ वगळावा आणि पक्क्या जोड्या द्याव्यात: अस्वस्थ × स्वस्थ, चिंताग्रस्त × निश्चिंत, असुरक्षित × सुरक्षित, भयभीत × निर्भय.

तपासून झालेल्या वह्यांचे काय? प्रश्न सदोष होता, त्याचा भुर्दंड मुलांवर पडू नये. ‘निवांत’ आणि ‘निश्चिंत’ यांना पूर्ण गुण. ‘मुक्त’ला, सोबत ‘फोनपासून’ असा प्रत्यय बदललेला असेल तर पूर्ण, नसेल तर अर्धा. ‘अत्रस्त’ला अर्धा, आणि वहीत एक ओळ लिहून का ते सांगावे. ‘बेफिकीर’ व ‘निरुपद्रवी’ यांना गुण नाही, पण पहिल्यात छटा कशी बदलली आणि दुसऱ्यात दिशा कशी उलटली ते समजावावे. ‘सुखी’लाही पूर्ण गुण द्यावा, कारण ते लिहिणाऱ्या मुलाने छापील सूचीवर विश्वास ठेवला, मात्र सूचीतून तो शब्द काढावा.

शुद्धलेखनाचा एकच मुद्दा राहतो आणि तो नेमका ‘निश्चिंत’वर येतो. निः आणि चिंता जुळताना विसर्गाचा ‘श्’ होतो, म्हणून ‘निश्चिंत’. (क पुढे असेल तर ‘ष्’, म्हणून ‘निष्कंटक’, मृदू व्यंजनापुढे ‘र्’, म्हणून ‘निर्विघ्न’.) मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनुसार स्पष्ट उच्चारलेल्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू द्यायचा, संस्कृतातून आलेल्या शब्दात ‘निश्चिन्त’ असे परसवर्णाने, म्हणजे बिंदूऐवजी पुढच्या व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक जोडून, लिहिलेले चालते, तेव्हा ते चूक धरू नये. बिंदू गाळला तर मात्र शब्दच बदलतो. ‘तो निश्चिंत झोपला’ म्हणजे चिंता सोडून झोपला, ‘तो निश्चित झोपला’ म्हणजे नक्की झोपला. वहीत ‘निश्चित’ लिहिले असेल तर ते लेखनातली चूक म्हणून सोडून देता येणार नाही, कारण ‘निश्चित’ची जोडी ‘अनिश्चित’ आहे आणि तिचा त्रासाशी संबंध नाही.